न बोलावता आलेल्या बाया

मंडळी, आज एकच विचारतो. लोकांसाठी राबणाऱ्या माणसानं स्वतःसाठी लोकांपुढं शब्द टाकावा का? देवाजवळ मागताना आपण लाजत नाही. नोकरी मागतो, नातू मागतो, गुडघ्याला आराम मागतो! पण माणसाजवळ मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

ऐका तर. एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथं प्रसादाला थांबलेत. गावचे सरपंच सोपानतात्या. मूळचे विहिरी खणणारे. पंचायतीला दोनदा पडले, तिसऱ्यांदा मेंबर झाले, आणि पुढं गावानं त्यांना थेट सरपंच केलं.

तात्यांची एक खोड होती. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ते बांधावर जायचे. कांदा लावणाऱ्या बाया दुपारी भाकरीला बसल्या की त्यांच्यात बसून विचारायचे, "बायांनो, उद्या काय मांडू?" शाळेतला मुलींचा संडास तिथं ठरला. विधवेच्या हातून झेंडा लावायचा, हेही तिथलंच. आणि या बाया राहायच्या त्या खडकवस्तीला नळ द्यायचा, हेसुद्धा भाकरी खाता खाता ठरलं.

उपसरपंच भानुदासराव चावडीवर म्हणायचे, "गाव सरपंच चालवतो का बायका?" पण पोटदुखी वेगळीच हो! वस्तीचे पाईप येऊन रस्त्याकडेला पडले होते, आणि ती लाईन आपल्या मळ्याकडं वळवायचा त्यांचा डाव. मग काय — मेंबर फोडले, अविश्वास ठराव आणला. पण सरपंच थेट गावानं निवडलेला, म्हणून शेवटचं मत ग्रामसभेचं, चिठ्ठीनं. भानुदासरावांनी खटपट करून तारीख घेतली ऐन लागणीतली. गुरुवार, सकाळी अकरा. वस्तीवरच्या बाया तेव्हा कुठं? शेतात वाकलेल्या. कुणाच्या शेतात? भानुदासरावांच्याच! लागणीला बायांची टोळी मुद्दाम त्याच दिवसाची ठरवलेली. आहे की नाही हुशारी?

बुधवारी तात्यांची बायको अनसूयाबाई म्हणाली, "आज बांधावर जायचं न्हाय का?"

"गावाच्या कामाला गेलो गं," तात्या म्हणाले. "खुर्चीसाठी कोणत्या तोंडानं जाऊ? त्यांचा रोज बुडवू?"

गेले नाहीत.

गुरुवारी मंडपात बघतात तर सगळ्या टोप्या न् फेटे. पदर एक नाही! भानुदासराव मिशीत हसतायत. तात्यांचं तोंड उतरलं. खुर्चीचं दुःख नव्हतं हो, पाईप मळ्याकडं जातील याचं होतं. मतं घ्यायला तालुक्याहून आलेल्या साहेबांनी ठराव वाचायला घेतला, आणि मागून आवाज आला, "सायेब, जरा थांबा."

टोळीची मुकादम गिरजाबाई! कोपरापर्यंत चिखल, आणि मागं वस्तीवरच्या साठ बाया.

भानुदासराव उठले. "अगं, माझं रोप उपटून ठेवलंय ना? सुकंल की ते."

"वल्या पोत्याखाली झाकलंय, भाऊ. तुमी मतं लवकर घ्या, म्हंजे आमी लवकर लावू."

मंडप हसला. आणि गंमत बघा — ज्यांना तात्यांविरुद्ध लांबलचक भाषणं करायला आणलं होतं, त्यांच्याच मागं भानुदासराव लागले, "आटपा रे, आटपा!"

मग गिरजाबाई तात्यांकडं वळली. "तुमच्यावर राग हाय आमचा. नळाचं इचारलंत, मंग ह्येच का न्हाय इचारलं? आमी काय परक्या?"

तात्यांनी हात जोडले. "चुकलं, बाई," एवढंच म्हणाले.

चिठ्ठ्या पडल्या. ठराव बावीस मतांनी पडला. ठराव पडला म्हणजे तात्या राहिले, घाबरू नका! तात्या ओट्याच्या कडेला बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. सांगताना माझाही जीव आत्ता भांड्यात पडला. महिन्याभरात खडकवस्तीला पाणी आलं. बाया त्याच पावली शेतात परत गेल्या होत्या, त्यामुळं भानुदासरावांचा कांदाही झकास आला.

तर मागावं का? मागावं, मंडळी. न मागणं हासुद्धा एक ताठाच. पण तात्या चुकले तरी बाया आल्या. तुमच्या गावात कुणी चांगला माणूस एकटा उभा असेल, तर तुम्ही त्याच्या बोलावण्याची वाट बघत बसणार का?

येताना तुमच्या पंचायतीचा फळा वाचला. परवा ग्रामसभा आहे. कुणाकुणाला ठाऊक होतं? करा हात वर.

दोन. मागचे ग्रामसेवक आहेत, ते धरत नाही. म्हणजे एक.

असू द्या. देवळात खोटं तरी बोलला नाहीत. आता नामाला सगळे हात वर होतील, मला ठाऊक आहे. तेच हात परवा सकाळी पंचायतीत आणा. घ्या वर, म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!