रोजच्या गोळीला कोन देतं?

आमी मूळचे पाटणकडचे, डोंगरातलं गाव, तांदूळ आनि नाचनी, बाकी काय न्हाई. लग्न होऊन मी हिकडं घनसोलीला आले, मालक मार्केटात हमाली करायचे, ते लवकर गेले, पोरबाळ न्हाई, मग मी सोसायट्यांमधी पोळ्या लाटायला लागले आनि माझा धाकटा भाऊ सदा, त्याला गावाकडनं बोलावून घेतलं. आई म्हनाली, त्याच्याकडं बघ. आता बघ म्हनाली म्हंजी एवढं बघायला लागंल हे त्या माऊलीला तरी कुठं ठावं व्हतं.

सदा बेलापूर रोडच्या एका केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराकडं लागला. ठेकेदाराचा मानूस म्हंजी ना कार्ड ना दवाखाना, काम हाय तवर हाय. त्याचं लग्न ठरलं व्हतं आनि त्याचे पाय सुजायला लागले. आमी म्हनलं उभं राहून सुजत असतील. मग तोंड सुजलं, मग उलट्या, मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेला तर डॉक्टर म्हनाले दोनी किडन्या गेल्या. लग्न तिथंच मोडलं. त्या लोकांचं बी काय चुकलं म्हना.

किडनी मी दिली. लोक म्हनतात अक्का तू लई मोठं काम केलंस, मला तसलं काय वाटत न्हाई, दुसरं होतंच कोन. माझी जुळली, दिली. आनि एक सांगते तुमाला, ऑपरेशनला पैसा कमी पडला न्हाई. गावच्या मंडळानं वर्गनी काढली, मी जिथं पोळ्या करते त्या बायकांनी पाकिटं दिली, ठेकेदारानं सुदा दिलं, ज्यानं कधी ओव्हरटाइम दिला न्हाई त्यानं. ऑपरेशन म्हनलं की मानूस खिशात हात घालतो. एकदाच द्यायचं असतं ना, आनि दिलं की मानूस वाचला, असं डोळ्यापुढं दिसतं.

पन काय सांगू तुमाला, घरी सोडताना डॉक्टरनी सांगितलं की ह्या गोळ्या आता जनमभर. एक दिवस चुकवायचं न्हाई, चुकवलं तर अंग ती किडनी परकी म्हनून टाकून देतं. परकी. माझ्या पोटातली, एका आईची आमी दोघं, आनि परकी. त्यातल्या मोठ्या कॅप्सूला, चांदीच्या कागदातल्या, कागद फोडला की दारूसारखा वास यायचा, त्यांची किंमत केमिस्टनं सांगितली तवा मी दोनदा इचारलं. म्हनलं अख्ख्या डब्याची का. तो म्हनाला न्हाई मावशी, एका पाकिटाची.

मग मी परत त्याच लोकांकडं गेले. मंडळवाले म्हनाले, अक्का, ऑपरेशन झालं ना चांगलं? म्हनलं झालं. मग आता काय? म्हनलं गोळ्या. ते म्हनाले, बघू. सोसायटीतल्या बायका म्हनाल्या ह्या महिन्याला देतो गं, पुढच्याला कसं जमनार. खरंच हाय, रोजच्या गोळीला कोन देतं. आनि वर सदाचं तोंड. त्याच औषधातल्या दुसऱ्या बारक्या गोळ्यांनी त्याचे गाल असे वर आले, गोल गरगरीत, लोक म्हनायचे अरे वा, तब्येत सुधारली की, बहिनीनं चांगलं खाऊ घातलेलं दिसतंय. आजारी मानूस धडधाकट दिसायला लागला की त्याच्यासाठी मागायची सोय राहत न्हाई. मला तर रात्रंदिवस एकच भ्या, डबा संपत आला की पुढचा कुठनं आनायचा.

दवाखान्यातल्या समाजसेवा खात्यात एक बाई व्हत्या, त्यांनी एका ट्रस्टचं नाव दिलं, अर्ज बी त्यांनीच भरला, म्हनाल्या ट्रस्टचे साहेब घरी चौकशीला येतील, मग औषध चालू करतील. शेजारच्या दुकानाच्या फोनवर निरोप आला, अमुक दिवशी येतो म्हनून. झालं, मी आपली साधी बाई, घरमालकिनीला बोलले.

आमची घरमालकीन हिराबाय, तिथलीच, आगरी, जमीन सरकारनं घेतली तवा पोरांनी खोल्या बांधल्या, त्यातली एक आमची. जिभेनं तिखट पन मानूस लाखाचं. ती म्हनाली, गो बाय, मुंबयशी पावना येनार न तुज्या घरान बसाला खुरशी नाय, कसा दिसंल? मी म्हनलं राहू द्या, चटईवर बसंल. ऐकते कुठली. पोराकडनं चार खुरच्या आनल्या, नव्या, अजून प्लास्टिक न काढलेल्या, उभा पंखा आनला, फुलाफुलांचा कपांचा सेट आनला, दारात पडदा लावला. म्हनाली आपल्या दारातशी कोन तोंड वाकडा करून जायाला नको. आमच्या गावाकडं बी असंच, पाव्हना यायचा म्हनलं की शेजाऱ्याचं जाजम मागून आनायचं. मला तवा त्यात काय वावगं वाटलंच न्हाई.

साहेब आले, तरूनच व्हते, गोड बोलायचे. खुर्चीवर बसले, पंख्याचं वारं, च्या, फरसान. सदाकडं बघितलं, तब्येत छान आहे म्हनाले. मग सहज इचारावं तसं इचारलं, खुर्च्या नवीन दिसतात, कधी घेतल्या? मी स्टोव्हपाशी. हिराबाय दारात उभी, तिच्यादेखत कसं म्हनू की मागून आनल्यात, तिनं मायेनं आनलेल्या. मी आपली स्टोव्ह बारीक करत बसले, आनि सदा, मी मागत फिरते म्हनून त्याला मागल्या वर्षापासनं लाज लाज झालेली, तो म्हनाला, दिवाळीला घेतल्या. साहेबांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं, च्या छान झाला म्हनाले आनि गेले.

दवाखान्यातल्या बाईंनी नंतर सांगितलं, ट्रस्टनं नाही म्हनलंय. घर व्यवस्थित आहे, पेशंट ठीक आहे, यापेक्षा गरजू लोक आहेत. मी घरी आले ती कशी आले मला आठवत न्हाई.

सदाला सांगितलं तर तो म्हनाला जाऊ दे अक्का. एवढंच. आनि मग त्यानं काय केलं, तर एक दिवस आड गोळी खायला सुरवात केली. मला सांगायचा घेतली, घेतली. मी कामावरनं यायची तवा त्याचं खानं झालेलं असायचं, मला कसं कळावं. एक दिवस त्याचं पांघरून झटकताना पाय बघितला आनि अंगठ्यानं दाबला, तर खड्डा पडला आनि तसाच राहिला. मी डबा उघडून बघितला, निम्म्या गोळ्या तशाच. मग मी त्याला काय काय बोलले ते इचारू नका. म्हनलं तुला मरायचं असंल तर मर, पन माझी घेऊन मरू नको. तो लहान पोरागत रडला. म्हनाला, अक्का, तू दारोदार जातीस ते बघवत न्हाई गं.

आवाज ऐकून हिराबाय आली. तिला सगळं कळलं. ती म्हनाली, माज्या खुरश्यांपायी? मी म्हनलं तसं न्हाई. ती म्हनाली, तसाच हाय.

सदाला दवाखान्यात भरती केला, सलाइनमधनं भारी औषध चालू केलं, ते दवाखान्यातल्या बाईंनी कुठनं तरी उभं केलं. आनि हिराबाय ट्रस्टच्या हापिसात निघाली. नऊवारी, केसात गजरा, गळ्यात सगळं सोनं. मी म्हनलं सोनं तरी काढा, न्हाईतर ते बी आमचंच धरतील. म्हनाली, माजा हाय ता माजाच सांगीन. बस बदलत गेलो आमी दोघी. त्याच साहेबांपुढं उभी राहिली आनि म्हनाली, त्या खुरश्या माज्या, पंखा माजा, कप माजं, खोली बी माजी, हिचा फकस्त भाऊ हाय, तो पन अर्धा हिचाच हाय. साहेब आधी हसायला लागले, मग हसायचे थांबले. म्हनाले परत येतो, पन दिवस सांगनार न्हाई.

आले ते ऐन दुपारी. सदा नुकताच घरी आलेला, गोधडीत पडलेला, खोलीत काय न्हाई, स्टोव्ह आनि ट्रंक. साहेब जमिनीवर बसले. हिराबाय दारात उभी, तिनं पानी सुदा इचारलं न्हाई. पाव्हन्याला पानी न इचारता उभं राहनं तिला किती जड गेलं असंल ते मला ठावं, नुसती पदराचं टोक पिळत व्हती. साहेब गेल्यावर म्हनाली, मेला उपाशी गेला.

औषध चालू झालं. अजून चालू हाय. पन दर वरसाला परत अर्ज, परत चौकशी, परत तेच भ्या, ह्या वरसाला देतील का. किडनी टिकली, पन पैल्यासारखी राहिली न्हाई, डॉक्टर म्हनतात त्या दिवसांत जे गेलं ते गेलं. सदा आता एका सोसायटीत वॉचमन हाय, बसून काम. गोळी मी माझ्या हातानं देते, गिळंपर्यंत हलत न्हाई. चिडतो कधीकधी, चिडू दे.

मागल्या खेपंला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या नीट घेतल्या तरी अशी किडनी जनमभर पुरंल असं न्हाई, काही वरसं जाईल. सदाला अजून सांगितलेलं न्हाई, तुमी बी कुठं बोलू नका. मी डॉक्टरांना इचारलं, मग तवा माझी दुसरी चालंल का? ते म्हनाले, मावशी, मग तुमी कशावर जगनार? मी म्हनलं, ते नंतर बघू, आधी चालंल का तेवढं सांगा. त्यांनी मान खाली घालून सदाच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन मी आले. एवढं ऐकून घेतलंत, तुमाला आनि तुमच्या मानसांना देव बरं ठेवो, बाळा, आनखी काय म्हनू.