पडवीतली पंगत

मंडळी, ऐका. आधी एक विचारतो, मग गोष्ट. मजुरी दिली म्हणजे माणसाची भूकही विकत घेतली का? हात घेतले, कबूल. डोळे घेतले, पाठ घेतली, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस घेतला — घ्या! पण दुपारी पोटात जी आग उठते, तिचा मालक कोण?

पुढच्या रांगेतले शेटजी खाली बघायला लागले. अहो, तुम्हाला नाही म्हणत! अजून नाही म्हणत.

तर तळकोकणात एक काजूचा कारखाना होता. गावाचं नाव सांगत नाही, तुमच्यातलाच कोणीतरी तिथला जावई निघायचा. कौलारू शेड, आत लांबलचक टेबलं, टेबलांवर कटर आणि कटरपाशी बायका. हाताने बी ठेवायची, पायाने दांडा दाबायचा — कट्! टरफल दोन बाजूंना, गर मधे. सोपं वाटतं? त्या टरफलात चीक असतो. हाताला लागला की कातडी जळते, काळी पडून सोलून निघते. म्हणून बायका हाताला तेल आणि राख चोपडून बसतात. अशा हाताने घास तोंडात घालता येत नाही, मंडळी. आधी घासून घासून हात धुवायचे, मग डबा उघडायचा. काम करता करता दोन घास खाल्ले, हा मार्गच बंद.

या बायकांची मुकादमीण सत्यवती घोगळे. स्वतः कटरवर बसून वर आलेली. जिभेला करडी, पण मनाने वाईट नाही. दुपार झाली की शेडबाहेर टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा ती हातोडीने वाजवायची — ठण्ण! कटर थांबायचे, हात धुतले जायचे आणि बाहेरच्या पडवीत पंगत बसायची. जिची तिची जागा ठरलेली. पहिला घास कोणी तोंडात घालायच्या आधी सत्यवती सगळ्यांच्या डब्यांतलं थोडं थोडं पानावर घ्यायची आणि पडवीच्या टोकाला कुंभ्याच्या झाडाखाली ठेवायची. कोणासाठी? राखणदारासाठी. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण जागा त्याची. कोणाचा भात, कोणाची भाकरी, कोणाचं बांगड्याचं सार. चैन होती हो त्याची! आम्हा बुवांना नारळ, त्याला बांगडा.

एके वर्षी मालाला मोठी मागणी आली. कारखान्याचे मालक भाईशेट, बोलायला गोड. त्यांनी सत्यवतीला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "सत्यवतीबाई, हे हात धुणं, जेवणं, परत तेल लावून बसणं, यात दुपार मोडते बघा. बायकांना सांगा, सलग काम करा आणि तेवढ्या लवकर सुटा. घरी जाऊन निवांत जेवा. त्यांचंच भलं आहे."

गोड वाटतं की नाही? बायकांनाही वाटलं. घरी गुरं, पोरं, चूल. लवकर सुटलो तर बरंच की! माना हलल्या. मग काय झालं? दुपारची सुट्टी गेली ती गेलीच, आणि संध्याकाळी सुटायची वेळ हळूहळू होती तिथेच परत आली. कोणी बोललं नाही. बोलणार कोणाला? त्यांची मुकादमीणच त्यांना पटवायला आली होती.

पण सत्यवतीच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. राखणदाराचं काय? पंगत मोडली, आता त्याचा घास कुठून आणायचा? मग तिने तोड काढली. बायका आत कटरवर, आणि ही केबिनमधल्या आपल्या डब्यातला एक घास पानावर घेऊन बाहेर यायची. झाडाखाली ठेवायची, हात जोडायची, परत जायची. वाटलं, चला, देवाचं देवाला पोचलं. माणसं उपाशी, आणि देवाला नैवेद्य! हसू नका. आपल्यातले बरेच जण याच हिशेबावर जगतात.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते कावळ्यांमुळे. पूर्वी पान ठेवायचा अवकाश, कावळे तुटून पडायचे. आता एक फिरकेना. भाताला मुंगीसुद्धा लागेना. दुसऱ्या दिवशी बघावं तर भात तसाच. आंबला नाही, सुकला नाही, आत्ताच वाढल्यासारखा.

मग डब्यांची गंमत सुरू झाली. एका संध्याकाळी सुटताना एक बाई म्हणाली, "सत्याबाय, माझो डबो कोणी खाल्ल्यान?" झाकण घट्ट, वर बांधलेलं फडकं तसंच, गाठ तिच्या हातची. आणि आत डबा चाटूनपुसून लख्ख. मग दुसरीचा, मग तिसरीचा, मग सगळ्यांचेच. मांजर असेल म्हणता? मांजर परत गाठ मारून जातं का हो? आणि नवल हे, की बायकांनी आरडाओरडा केलाच नाही. "आमका भूकच नाय," म्हणाल्या. "घराकडे गेल्यार पण लागणा नाय."

हळूहळू त्या बोलेनाशा झाल्या. पूर्वी कटरच्या आवाजावरून गजाली चालायच्या, सासवांचा उद्धार व्हायचा. आता नुसतं कट्, कट्, कट्. सगळे कटर एकाच वेळी पडायला लागले. भाईशेट खूश! म्हणाले, "बघा, कसा ताल लागलाय." ताल तर असा, की आमच्या या मृदंगवाल्यांनाही इतक्या वर्षांत साधला नाही. रागावू नका बुवा, प्रेमाने म्हणतो.

आता या बायकांत सत्यवतीची सून होती, प्रणिता. पोटुशी. नवरा गोव्याला ट्रकवर. घरी एकटी कशाला, डोळ्यांसमोर राहील, म्हणून सत्यवतीनेच तिला कामाला आणलेली. एके सकाळी वाटेत प्रणिता थांबली. चेहरा घाबरलेला नाही, रडवेला नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणाली, "आये, पोर हलूक नाय."

"कधीपासून?"

"ठावक नाय. ध्यानात रवणा नाय."

सत्यवतीने पोटावर हात ठेवला. पोट गार लागलं. तशीच तिला धरून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "बाळाचा ठोका लागतोय, पण फार मंद आहे. ही वेळेवर जेवते का? हिला खाऊ घाला, दुपारी आडवी होऊ द्या. हलगर्जी केलीत तर बाळ हातचं जाईल." बाहेर आल्यावर सत्यवती घराकडे वळली. प्रणिता वळली नाही. ती सरळ कारखान्याच्या वाटेला लागली. सासूने हात धरला, तो तिने सोडवून घेतला. हिसडा मारून नव्हे, अगदी हळू. जाऊन कटरपाशी बसली आणि सगळ्यांच्या तालात तिचा पाय पडू लागला.

सत्यवतीचं काळीज फाटलं. काय करावं सुचेना. आणि माणसाला सुचेनासं झालं की ते सवयीचं काम करतं. दुपार झाली, तिने पान घेतलं, घास ठेवला आणि बाहेर निघाली. मंडळी, असले प्रकार रात्रीचे असं तुम्हाला वाटतं. कोकणातल्या जुन्या माणसाला विचारा! खरी अवघड वेळ भर दुपारची. ऊन डोक्यावर, सावली पायाखाली गेलेली, पान हलत नाही, कुत्रं भुंकत नाही. अशा वेळी ती पडवीच्या दारात आली.

पडवीत पंगत बसली होती.

टाळ जरा खाली ठेवा. हे हळू सांगायचं आहे. सगळ्या बायका होत्या. जिची तिची जागा. पाठी सत्यवतीकडे. त्याच साड्या, तेच अंबाडे. जेवत होत्या. हात खाली जायचा, वर यायचा. बोलणं नाही, डब्याचा आवाज नाही. आणि मागे शेडमध्ये — कट्, कट्, कट्. सत्यवतीने खिडकीतून आत बघितलं. टेबलांपाशी सगळ्या बायका बसलेल्या, एक जागा रिकामी नाही. पुन्हा पडवीत बघितलं. इथेही एक जागा रिकामी नाही.

तिने कशीबशी हाक मारली, "प्रणिता?"

पंगतीतली प्रणिता वळली. गाल भरलेले, डोळ्यांत पाणीदार तेज, लग्नात होती तशी. तिने एक हात पोटावर ठेवला, आणि साडीखाली पोट हललं. पोराने लाथ मारलेली सत्यवतीला स्वच्छ दिसली. प्रणिता हसली. जेवण झालं होतं, ती उठू लागली. तिच्याबरोबर सगळ्या उठू लागल्या आणि फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घरी निघाल्या होत्या!

आता तुम्हीच सांगा. या घरी गेल्या, तर आत राहिल्या त्या कोण? सत्यवतीला ते कळलं: भूक आणि पोर घेऊन जीव निघाला होता, आत राहणार होती ती नुसती टरफलं. तिने पान खांबाशी ठेवलं, हातोडी उचलली आणि रुळाच्या तुकड्यावर हाणली. ठण्ण! आतला आवाज थांबला नाही. पुन्हा हाणली. पुन्हा.

भाईशेट केबिनमधून धावत आले. "काय चाललंय हे?"

"जेवणाची वेळ झाली, शेट."

"वेळ मी ठरवतो."

"कामाची ठरवा. पोटाची वेळ तुमची नाय."

शेट तिच्या हातातली हातोडी घ्यायला पडवीत चढले आणि जागच्या जागी थांबले. त्यांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला टेकले.

सत्यवती आत गेली. सुनेचा पाय दांड्यावरून काढला. तिला नळावर नेलं, लहान मुलीचे धुवावेत तसे तिचे हात धुतले, चीक निघेपर्यंत धुतले, आणि तिला पडवीत आणली. तिच्या जागेवर ती दुसरी उभी होतीच. सत्यवतीने डोळे मिटले आणि त्याच जागी सुनेला खाली बसवली. पण भरवणार काय? प्रणिताचा डबा रिकामा. हाताशी अन्न एवढंच, खांबाजवळच्या पानावरचं. राखणदाराचं! जन्मात जिने त्या पानाला उष्टा हात लागू दिला नाही, तिने ते पान उचललं आणि घास सुनेच्या तोंडात घातला.

"जेव बाय. माझां चुकलां."

प्रणिताने तोंड हलवलं नाही. सत्यवती तिच्या गालावरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मग घसा हलला. घास खाली गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला पोरीला एकदम हुंदका आला आणि ती म्हणाली, "आये, भूक लागली." मग पोट धरलं आणि म्हणाली, "हललां."

सत्यवतीने मान वर केली तेव्हा पडवीत नुसतं ऊन होतं. शेडमधले कटर थांबले होते. बायका डोळे चोळत बाहेर येत होत्या, विचारत होत्या, किती वाजले, आज डब्यात काय आणलंय. भाईशेट अनवाणी गावात गेले आणि खानावळीतून भात आणि सार घेऊन आले. वाढलंही त्यांनीच.

दुसऱ्या दिवसापासून रूळ वेळेवर वाजू लागला. त्याच पंगतीतलं पान झाडाखाली गेलं आणि कावळे आले. राखणदाराला घास नको होता, मंडळी. जेवणाऱ्यांच्या पंगतीतला वाटा हवा होता. पंगतच नाही, तर वाटा कसला? सरकारनेही कायद्यात घातलंय, कारखान्यात पाच तासांच्या वर सलग राबवायचं नाही, मधे निदान अर्धा तास विसावा. ही कोणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

तुम्ही म्हणाल, बुवा, आमचा कुठे कारखाना आहे? बरं. मांडवाच्या मागे तुमचा महाप्रसाद शिजतोय. ज्या बायका पहाटेपासून तिथे भाजी चिरताहेत, त्या जेवल्या का? कोणी विचारलं? मी येताना डोकावलो, नमस्कार केला. एकीनेही मान वर केली नाही.

गप्प बसा जरा. ऐका. विळ्यांचा आवाज येतोय. बोलणं येतंय का कोणाचं?

उठा मंडळी. आरती थांबेल. पानं तुम्ही मांडा, वाढा तुम्ही, आणि पहिली पंगत त्यांची बसवा. लवकर जा.