मिशीवरचा थेंब

अत्तर कुठे लावावे, हे माणसाला शिकवावे लागते का हो? लागते. तुम्हाला सांगतो, आमच्या मेहुण्याला शिकवूनही उपयोग झाला नाही.

माझ्याकडे लॅव्हेंडर आणि व्हॅनिलाचे एक जुन्या घडणीचे अत्तर आहे. वर्षानुवर्षे तेच. लावले की आधी लॅव्हेंडर येतो, गार, शिस्तीचा, नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा. आणि तासाभराने, तुम्ही त्याला विसरलात की, व्हॅनिला हळूच पुढे सरकतो, कोमट दुधासारखा. घाई नाही, गलका नाही. सकाळची प्रार्थना झाली की मी लावतो. एक थेंब, आणि तोही कानामागे. सुगंध ही देवाची देणगी आहे. देणगीबद्दल आभार मानावेत, दवंडी पिटू नये.

हा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहतो. चहाच्या कंपनीत चव पारखायच्या कामावर उमेदवारी करत होता. त्या खोलीत अत्तर वर्ज्य, वासाचा साबणसुद्धा वर्ज्य, आणि का नसावा? तिथे नाकावरच तर भाकरी! नोकरी पक्की करण्याच्या परीक्षेचा दिवस उजाडला, आणि या गृहस्थाने, धीर यावा म्हणून, न विचारता माझी बाटली उघडली. बरे, उघडली तर उघडली... एक थेंब, आणि तोही कानामागे? छे. थेट मिशीवर.

मी नंतर विचारले तर म्हणतो, "भावोजी, कानामागे लावला तर वास लोकांना. मिशीला लावला की फक्त मला."

या तर्कशास्त्राला काय म्हणावे?

तिकडे पेल्यांची रांग मांडलेली, हा चमचा भरून सुर्रकन ओढतो, जिभेवर घोळवतो, थुंकतो आणि निकाल देतो. पहिला चहा फुलांसारखा. दुसराही फुलांसारखा. मुख्य पारखीबाई वहीत टिपून घेत होत्या. मग मुद्दाम ओलीत ठेवून बुरसवलेल्या चहाचा पेला आला, तोही याला फुलांसारखा! पहिली रांग संपून दुसरी आली, तासभर उलटला, आणि एकाएकी सगळेच चहा व्हॅनिलाचे झाले. अत्तर आपल्या नेमाने चालले होते हो, नेम सोडला होता तो याने.

बाई उठल्या, त्याच्या तोंडाजवळ आल्या, एक श्वास घेतला.

"चहा तपासायचे थांबवा," त्या म्हणाल्या. "आधी मिशी तपासायला हवी."

हा पुरता ओशाळला, सगळे कबूल केले, पुन्हा एक संधी मागितली. बाईंनी दिली, पण अट घातली.

संध्याकाळी तो तोंडावर रुमाल धरून घरात शिरला. हिने मलाच धारेवर धरले, की अहो, बाटली कुलपात ठेवता येत नव्हती? मी म्हटले, एक थेंब, आणि तोही कानामागे, एवढे ऐकले असते तर... पण बहिणीपुढे नीतिशास्त्र चालत नाही.

दुसऱ्या परीक्षेत तो उतरला. नोकरी पक्की झाली, अटही पक्की झाली: त्या खोलीत काम करायचे तोवर मिशी ठेवायची नाही. निवृत्तीला अजून तीस वर्षे आहेत.