बागेत कोणी बुडत नसतं

आधी एक सांगून टाकते, रीतीचं बोलणं मागाहून. दीड वर्षापूर्वी सुनावणीला बोलावलं तेव्हा याच दालनात, त्या खिडकीखाली मला दोन तास उभं ठेवलं होतं. खुर्च्या कमी आहेत म्हणाले. आज मोजल्या, भिंतीलगत बावीस नुसत्या रिकाम्या आहेत. म्हणजे खुर्च्या होत्या. निरोपाला बाहेर निघतात, सुनावणीला निघत नाहीत.

आता रीतीचं. सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे नगररचना खात्याचे मोठे साहेब. आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आमच्या भागाचे नियोजन अधिकारी साहेब आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी. आमच्या वसाहतीचे सेक्रेटरी, ज्यांनी मला आग्रहाने आणलं आणि आता जे रुमाल शोधताहेत. कचेरीतले लहानमोठे कर्मचारी. आणि मागे दाराशी उभे असलेले बंधू-भगिनी.

वसाहतीतली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. ते दोन शब्द सेक्रेटरींनीच लिहूनही दिले. त्यात साहेबांना ‘दूरदृष्टीचे’ म्हटलं आहे. माझी शाळा चौथीला सुटली, पण वाचता येतं. वाचलं, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

पण चांगलं ते आधी बोलते, कारण ते खरं आहे. आमची घरं उताराच्या तोंडाशी. वरती नव्या इमारती झाल्या आणि त्यांच्या अंगणांचं सगळं पावसाचं पाणी आमच्या स्वयंपाकघरांत यायला लागलं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मी सहा वर्षं पोळ्या लाटल्या आहेत. मग साहेबांनी आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाचं पाणी धरून ठेवायला तळं मंजूर केलं, बिल्डरने ते खणलं, आणि तेव्हापासून माझ्या ओट्याखाली थेंब नाही. तळ्याबद्दल माझी तक्रार नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर इथेच वाजवून घ्या, पुढे जागा नाही.

आता तक्रार. नियमाप्रमाणे बिल्डरला मुलांसाठी बागही सोडायची होती. बाग वेगळी आणि तळं वेगळं, एवढी जमीन सोडायला त्याचं मन होईना. म्हणून साहेबांनी एकच खड्डा दोन्ही म्हणून मान्य केला. कोरड्या दिवसांत बाग, पावसाळ्यात तळं. नकाशात मात्र रंग एकच, हिरवा. जागेची पाहणी केली का? केली. या कचेरीत पाहणी नेहमी उन्हाळ्यात होते, म्हणजे चिखल लागत नाही. अहवालात लिहिलं, ‘जागा कोरडी आढळली.’ भर उन्हाळ्यात विहिरीसुद्धा कोरड्या आढळतात, साहेब.

सुनावणीत मी एवढंच म्हटलं होतं की तळं करा, पण कुंपण घाला, आमच्या गल्लीत अकरा लहान मुलं आहेत. साहेब हसून म्हणाले, “आजी, कागदावर ही बाग आहे. बागेत कोणी बुडत नसतं.” सगळे हसले. चारचौघांत वेडं दिसू नये म्हणून मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

मागच्या पावसाळ्यात माझी नात त्या तळ्यात पडली. साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. काठावर पायातली चप्पल निसटली, ती धरायला गेली. तळ्याचा उतार आतून जाड प्लास्टिकने मढवलेला, त्यावर शेवाळ. त्यावरून खाली जाता येतं, वर येता येत नाही. मी मागच्या दारी चादर पिळत होते. पोरगी ओरडली नाही. बुडणारं पोर ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझी नजर गेली तेव्हा पाण्यावर केस होते आणि एक हात. मी काठावर पालथी पडले आणि चादरीचं टोक फेकलं. सुनेने मागून माझे पाय धरले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, तेही सांगून टाकते. दोनदा चादर रिकामी आली. तिसऱ्यांदा जड लागली.

खार चार दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे. अंघोळीच्या बादलीत तांब्या बुडवला की भिंतीला चिकटते, एवढंच. हे मी कोणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. कीव घरी भरपूर आहे. मला कुंपण हवं आहे.

त्यासाठी तीन अर्ज केले. सुनेने लिहिले, मी सही केली. पहिल्याला उत्तर आलं, बागेला बंद कुंपण चालत नाही, ती सर्वांना खुली हवी. मग म्हटलं, निदान आत उतरायला पायऱ्या आणि धरायला दोर लावा. उत्तर आलं, ही तळ्याची कामं आहेत, गटार खात्याकडे जा. गेले. ते म्हणाले, आमच्याकडे ती बाग आहे. तिसऱ्या अर्जात खारीचं सगळं लिहिलं. त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. ‘सदर जागा उद्यान असल्याने तेथे बुडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ दवाखान्याचे कागद सोबत जोडले होते, तरी उद्भवला नाही.

साहेब दुष्ट आहेत का? नाहीत. मी त्यांच्या टेबलासमोर बसले आहे. त्यांनी मला पाणी दिलं, पंखा वाढवला. मग म्हणाले, “आजी, दुरुस्ती केली तर आधीची मंजुरी चुकली असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. आठ महिने राहिलेत माझे. ते नीट जाऊ द्या.”

गेले ते आठ महिने. नीट गेले. आत्ताच माझ्याआधी तीन वक्त्यांनी सांगितलं की तेहतीस वर्षांत साहेबांच्या एकाही मंजुरीला दुरुस्ती लागली नाही. लागली होती. केली नाही.

आज हे इथे का काढलं, असं सेक्रेटरी मघापासून डोळ्यांनी विचारताहेत. कारण मंजुरी ज्याने दिली, त्याला ती एका ओळीने दुरुस्त करता येते. नवीन माणूस आला की त्याला पहिल्यापासून सगळं करावं लागतं, म्हणजे सूचना, हरकती, सुनावणी. आणि पाहणी, ती पुन्हा उन्हाळ्यात. हे मला याच कचेरीतून कळलं. कोणी सांगितलं विचारू नका, तिची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. तिची की त्याची, तेही विचारू नका.

ती ओळ मी टाईप करून आणली आहे. ‘ही जागा पावसाळ्यात तळे असते, म्हणून तिला कुंपण घालावे.’ साहेबांची खुर्ची सहा वाजेपर्यंत साहेबांचीच आहे. आत्ता पावणेपाच झालेत. आणि निघताना मी बघून आले, पाणी काठापासून दोन विती खाली आहे.

माझं संपलं. बोलू दिलंत, मध्ये माईक बंद केला नाहीत, याबद्दल आभार. कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. वय नसतं तर याहून वाईट बोलले असते.

अध्यक्ष साहेब, तुम्ही समारोपाला उठू नका. सेक्रेटरी, तुम्ही तर मुळीच नाही. वहिनी, यात तुमचा काही दोष नाही, बसा. साहेब, उत्तर तुम्ही द्यायचं. कागद तुमच्या पुढ्यात ठेवला आहे. आणि तोंडी नको, लेखी.