खोगिराच्या आत

— परत बोला, साहेब. नाय, पट्टा शिवतोच हाय, तुमची बॅग कुठं पळून जात नाय, पन आत्ता काय म्हनालात ते परत बोला. बोईसरच्या बांधकामावरची चाळीस मानसं तुमी कमी केलीत, कारन ती काय हाय? खोगीरभरती! आनि हे बसून बोलताय कुनाच्या दुकानात? पालघरात खोगीर शिवनाऱ्या खंडेरावाच्या!

तुमी कचेरीतले, शिकलेले – खोगीर म्हंजे काय, सांगा बरं. घोड्याच्या पाठीवरची गादी, एवढंच ना? माझे उस्ताद संस्थानाच्या पागेत होते, ते सांगायचे, शब्द फारसी हाय – खोय म्हंजे घाम, गीर म्हंजे धरनारा. घाम धरतं ते खोगीर. आनि घाम धरतं कोन? वरचं चकचकीत कातडं? ह्या! कातड्यावर नवरदेव बसतो. घाम धरते आतली भरती – मेंढीची लोकर, धुतलेली, पिंजलेली, बोटांनी मोकळी केलेली. ती वरून दिसत नाय, म्हनून निकामी? लोक म्हनतात, हाताला येईल ती चिंधी आत कोंबायची, ती खोगीरभरती. कोन कोंबतं? सांगा ना, कोन कोंबतं? चांगला कारागीर कोंबत नाय!

हसू नका. त्या चाळिसात एक नवशा होता, बेटेगावचा – उंच, डाव्या कानात बाळी. आठवतो? नाय आठवत. कसा आठवेल! तुमच्या यादीत तो नुसता आकडा. दोन वर्सांपूर्वी तो पाट्या वाहत नव्हता, साहेब. त्याची घोडी होती वरातीची – चंद्रकांता, नावबी त्यानंच ठेवलेलं. शिरगावापासून मनोरपर्यंत लगीन असलं की नवरदेव तिच्यावरच. ती असती तर तो तुमच्या दारात कशाला आला असता?

काय झालं म्हंजे? पाठ गेली तिची. खांद्याच्या उंचवट्यावर फोड आला, फुटला, किडे पडले, महिन्यात संपली. गाव म्हनलं, नवशानं मुक्या जनावराला राबवून मारलं. मीबी म्हनलो. होय, मीबी! ऐन वैशाख, सात खोगिरं अंगावर, लोकर संपलेली, आनि ह्याला दुसऱ्या दिवशीच्या वरातीला पायजे – मग भरलं. गोनपाट भरलं. सुतळीच्या गाठींसकट. वर कातडं असं तानून बसवलं की नवशानं हात फिरवला नि म्हनला, खंडूदादा, तुझ्या हाताला तोड नाय.

घोडी गेल्यावर तो खोगीर मला परत देऊन गेला, बघवत नाय म्हनून. मी उसवलं. बोराएवढी गाठ होती. बरोबर त्याच जागी.

काय बघताय? परवा तो इथंच बसला होता, तुमी बसलाय तिथं. म्हनला, दादा, साहेब तुझ्याकडं येतो, माझ्यासाठी एक शब्द टाक. सकाळपासनं मी तो शब्द घोकतोय – नवशाचं नाव परत घाला, हात जोडतो. आनि तुमी आल्या आल्या खोगीरभरती म्हनालात, नि माझं डोकंच फिरलं. त्याचं नाव घाला, साहेब. माझ्या रागावर जाऊ नका, तो राग तुमच्यावर अर्धाच हाय.

घालाल? ‘बघतो’ म्हंजे काय? बघू नका, घाला! बाकी त्याला काय सांगायचं ते मी बेटेगावला जाऊन सांगतो. आजच. उठा आता, दुकान बंद करायचंय. पट्टा? अर्धाच झालाय. राहू द्या, दुसऱ्याकडून शिवून घ्या. माझ्या हातचं नको. जा म्हनतो ना – जा.