प्राचार्यांनी मागितलेला राजीनामा

छप्पन साली भोपाळ राजधानी होऊन राज्य नवं झालं आणि नागपूरहून माझी बदली भोपाळच्या एका कला महाविद्यालयात झाली, तेव्हाचं सांगतो. पहिल्याच बैठकीत हिंदीच्या तिवारीजींशी माझं वाजलं. ते म्हणाले, आपण नव्या राजधानीला चांगले कारकून द्यावेत. मी म्हणालो, विचार करणारी माणसं द्यावीत. शेवटी प्राचार्य वैतागले, "कल सुबह मुझे दोनों का राज़ीनामा चाहिए!"

घरी बायकोनं डोळे पुसत भांडी बांधायला घेतली. सकाळी मी राजीनामा लिहून प्राचार्यांपुढे ठेवला.

ते चक्रावलेच. "अरे, ये तो इस्तीफ़ा है! राज़ीनामा मतलब समझौता, भाई!"

शेजारी उभे असलेले तिवारीजी हसून हसून लाल झाले. माझा कागद फाडत म्हणाले, "चलिए, हो गया समझौता. लड़कों को विचार आप सिखाइए. आपको हिंदी मैं सिखाऊँगा."