चाळीस दिवसांची सवड

थोरली नात कोमल सासरी गेली, ते साल दोन हजार तेवीस. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस कोंडाजी घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसले होते. शेजारी आदिनाथ आणि स्नेहल हे दोन इंजिनियर कामांचा क्रम दाखवणारा गोल आणि बाणांचा तक्ता पसरून बोलत होते. तक्त्यावर आपल्या गावच्या ओढ्याचं नाव वाचून कोंडाजींनी कान दिला.

"जुना पूल पाडला, स्नेहल. आपण वेळेत आहोत."

"आणि लोकांसाठी तात्पुरता साकव?"

"त्याला चाळीस दिवसांची सवड आहे. अजून आठ उरलेत."

"सवड म्हंजी काय वो, सायेब?"

"तेवढा उशीर झाला तरी काम अडत नाही, आबा."

"कुणाचं अडत न्हाई?"

"नव्या पुलाचं."

"आन् आजारी माणसाचं? दवाखाना पल्याड हाय! साकवाच्या गोलातनं पाडापाडीच्या गोलाकडं बाण कुटं हाय? आदी साकव, मग पाडापाडी, एवढंबी कळंना व्हय?"

"कागदावर ती दोन कामं वेगळी आहेत, आबा."

"कागदावर! हितं मधी ओढा हाय, लेका!"

"होईल हो साकव. तुम्हाला पलीकडे जायचंय का?"

"आता कशाला?"

कोंडाजींची बायको सरुबाई एकोणीस जूनला वारल्या. पूल पाडून तेव्हा एकवीस दिवस झाले होते.